परग्रहावरून संदेश आला तर? चार डाव खेळून पाहिले

भाच्यानं हा बोर्ड गेम आणला तेव्हा खोक्यावरचा बटबटीत डोळ्यांचा हिरवा प्राणी बघून मी नाक मुरडलं होतं. त्यानंतर महिन्याभरात चार डाव झाले, त्यातले दोन माझ्याच आग्रहानं. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी खरडपट्टीही आहे.

दूरच्या ताऱ्याकडून रेडिओ संदेश आलाय, इथून खेळ सुरू होतो. कुणी वेधशाळा, कुणी सरकार, कुणी धर्मसंस्था, कुणी शेअर बाजार. मी सव्वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, त्यामुळे 'माध्यमं' दरवेळी माझ्याच गळ्यात. पटाच्या मधोमध घबराटीची तबकडी आहे. काटा लाल पट्ट्यात गेला की सगळेच हरतात.

वेधशाळेचा भाग झकास जमलाय. पहिला पाऊण तास नुसती पडताळणी. पत्ता उलटावा तर निघतो उपग्रह, नाहीतर विमान, नाहीतर चक्क मायक्रोवेव्ह. भाचेसून म्हणाली, "आत्या, हे काहीतरीच हं!" काहीतरी नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं मिळणारे काही विचित्र स्पंद २०१५ साली मायक्रोवेव्हचेच निघाले. पदार्थ गरम होण्याआधी कुणीतरी घाईनं दार उघडायचं. १९७७ साली अवकाशातून टिपलेला ७२ सेकंदांचा प्रसिद्ध 'वॉव' रेडिओ संकेतही एका पत्त्यावर आहे. तो पत्ता आला की पुढच्या तीन फेऱ्या त्याच दिशेला कान लावून बसायचं, आणि काहीही ऐकू येत नाही. खऱ्या जगातही तो पुन्हा कधी आला नाही. तरुण मंडळी इथे कंटाळतात. मला तर हाच भाग सर्वांत खरा वाटला.

खटकतं ते घबराटीचं गणित. मी 'बातमी फुटली' हा पत्ता टाकला की काटा सरळ चार घरं पुढे. दंगली, ओस पडलेले रस्ते, रिकामी देवळं-चर्चं. अहो, एवढं सोपं असतं का? ऑगस्ट १९९६ मध्ये मंगळावरून आलेल्या उल्केत सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात अशी घोषणा झाली. खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन त्यावर बोलले. मी त्या रात्री पाळीवर होते, मथळा तीनदा बदलला. दुसऱ्या दिवशी वाचकांचे फोन आले ते शब्दकोड्यात एक चौकट चुकली म्हणून! अशा बातम्यांवरची प्रतिक्रिया मायकेल व्हार्नम या मानसशास्त्रज्ञानं २०१८ साली तपासली, तेव्हा भीतीपेक्षा उत्सुकतेचा, आनंदाचाच सूर जास्त निघाला. आता ते जंतूंबद्दल होतं, बोलणाऱ्या कुणाबद्दल नव्हतं, हे मान्य. पण म्हणून चार घरं?

माझ्या मते माणसं घाबरण्याआधी भांडतील, आणि तेही 'आपल्या वतीनं बोलणारा हा कोण' यावरून. खेळानं हे एका पत्त्यात बरोबर पकडलंय. १९८९ साली शास्त्रज्ञांनी आपसात ठरवून ठेवलंय की खात्री झाल्याशिवाय जाहीर करायचं नाही आणि जगाशी सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर धाडायचं नाही. पण तो कायदा नव्हे. मोडला तर कोण काय करणार? खेळातही तसंच, उत्तर पाठवायला सगळ्यांची मतं लागतात, पण मोडणाऱ्याला शिक्षा नाही. दुसऱ्या डावात आम्ही मतदानावरून अर्धा तास हमरीतुमरीवर आलो. धर्मसंस्था आणि शेअर बाजार चक्क एका बाजूला. तेवढ्यात सरकार झालेल्या भाच्यानं गुपचूप उत्तराची निळी सोंगटी सरकवली. भाचेसून दोन दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही.

मग त्यानं अंतराचा पत्ता ओढला. एम १३ तारकागुच्छ, २५,००० प्रकाशवर्षं. १९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीवरून माणसांनी संदेश धाडला होता तो तिकडेच. नियमपुस्तिकेत एकच ओळ: 'सोंगटी पटाबाहेर ठेवा.' त्यानं ती खिडकीत ठेवली आणि आम्ही पुढे खेळत राहिलो.

बाकी तक्रारी किरकोळ. तबकडीचा काटा तिसऱ्या डावातच ढिला झाला, आता घबराट आपोआप कमी होते. पत्त्यांवरचा मजकूर बारीक, चष्म्याशिवाय माझं काम नाही. दोघांत खेळायला अजिबात मजा नाही, पाच जण हवेत आणि त्यातला एक तरी आगाऊ हवा.

पाचात साडेतीन. घबराटीची घरं चारावरून एकावर आणली, तर चार देईन. आम्ही तसंच खेळतो हल्ली.

चौथ्या डावात निळी सोंगटी काही सापडेना. सगळा खोका उपसला, शेवटी शर्टाचं बटण वापरलं. खिडकीत ठेवली होती हे कुणालाच आठवलं नाही.