टी-३५ बरेच महिने टेबलावर चालवल्यानंतरचा सविस्तर अनुभव

आमच्या रोलप्लेइंग ग्रुपच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठका चालणाऱ्या सलग गोष्टीत) टी-३५ हा सोव्हिएत रणगाडाच पार्टीचा, म्हणजे सगळ्या प्लेअर्सच्या पात्रांचा, टँक आहे आणि आता तो कित्येक महिने चालतोय. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले ते ढीगभर टरेटवाले (फिरत्या बुरुजांचे) टँक रोलप्लेइंगमध्ये कसे बसवायचे हे बरेच जण विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, पाच-सहा जणांच्या टेबलाला याच्यासारखं दुसरं वाहन नाही, फक्त एक अट आहे, त्याचे दोष नियमांतून काढायचे नाहीत. तेच दोष म्हणजे गेम आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टी-३५ युक्रेनमधल्या खारकिवला १९३३ पासून बनायला लागला, एकूण साठच्या आसपास बनले बस. मधे उंचावर ७६.२ मिमीची आखूड तोफ, पुढे उजवीकडे आणि मागे डावीकडे ४५ मिमीची एकेक तोफ, उरलेल्या दोन कोपऱ्यांत मशीनगनचे छोटे टरेट, असे पाच. क्रू दहा-अकरा जणांचा, लांबी ९.७ मीटर, वजन ४५ टन आणि नंतरच्या गाड्यांचं त्याहून जास्त. रेड स्क्वेअरच्या परेडमध्ये याला बघून लोक थक्क व्हायचे, सोव्हिएत 'शौर्यासाठी' पदकावरसुद्धा हाच कोरलाय. आणि एवढ्या धुडाचं चिलखत बहुतेक ठिकाणी २० ते ३० मिमी, म्हणजे जर्मनांची साधी ३७ मिमीची तोफ पण आरपार जाऊ शकते. त्यामुळे आर्मर क्लास (मार लागणं किती अवघड तो आकडा) चढवून ठेवायचा मोह टाळा, याचं मोठं असणं हे टार्गेट म्हणून मोठं असणं आहे.

आम्ही बेस म्हणून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या गेमच्या फिफ्थ एडिशनचे नियम धरलेत. पण अख्ख्या टँकला एक स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) आणि हिट पॉइंटचा, म्हणजे किती मार झेलेल त्याचा, एक आकडा दिला तर पाच टरेट असून नसल्यासारखेच होतात, कमांडर म्हणतो मारा आणि सगळे मारतात, संपलं. म्हणून प्रत्येक टरेट, इंजिन आणि दोन्ही ट्रॅक यांचे हिट पॉइंट वेगळे ठेवलेत आणि प्रत्येक प्लेअरला आपल्या सीटचं कार्ड दिलंय, त्यावर त्याला कुठल्या बाजूचं दिसतं, कुठे गोळा टाकता येतो आणि किती गोळे उरलेत एवढंच. (७६ च्या तोफेचे ९६ गोळे असायचे, ते खरंच मोजा, तिसऱ्या लढाईपर्यंत लोक जपून वापरायला लागतात.) पुढच्या ४५ वाल्याला डावीकडे मागे काय चाललंय ते दिसत नाही, दिसत नाही तर जीएमने (गेम चालवणाऱ्याने) सांगायचंच नाही.

आता खरी मजा, बोलण्याचा नियम. कमांडरला एका टर्नमध्ये एकाच सीटशी बोलता येतं. बाकीचे त्याच्या ऑर्डरशिवाय स्वतःला दिसेल त्यावर फायर करू शकतात पण डिसअॅडव्हांटेजने (दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायचा). आणि कमांडरला काही सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहायची, जास्तीत जास्त पाच शब्द, ती तो पुढच्या टर्नला वाचणार. आमच्याकडे एकदा ओढा ओलांडताना कमांडर ड्रायव्हरला डावीकडे घे उजवीकडे घे सांगण्यात पूर्ण अडकलेला (ड्रायव्हरला समोरचंच कसंबसं दिसतं), आणि मागच्या टरेटवाली मैत्रीण चिठ्ठी पुढे सरकवून बसलेली, 'मागून धूळ, तोफ ओढतायत'. ती चिठ्ठी टेबलावर सगळ्यांना दिसत होती, कोणी बोलू शकत नव्हतं, एक पूर्ण राउंड तशीच पडून राहिली. कमांडरने उघडली तोवर मागचा मशीनगन टरेट गेला होता. असलं टेन्शन मी ड्रॅगनच्या लढाईत पण बघितलं नाहीये.

कोणाला हे फारच कडक वाटत असेल तर एक खराखुरा उपाय इतिहासातच आहे. टी-३५ च्या आधी ब्रिटिशांनी १९२६ मध्ये व्हिकर्स इंडिपेंडंट नावाचा पाच टरेटचा टँक बनवला होता, एकच बनला, तो आज इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे, आणि त्यात कमांडरला टार्गेटची दिशा दाखवायला पॉइंटरची सोय होती. आम्ही पुठ्ठ्याच्या चकतीवर बाण लावून तेच केलंय. पार्टीने वर्कशॉप शोधून एक सेशन खर्च केला की ही अपग्रेड मिळते, मग कमांडर बाण फिरवतो आणि सगळ्यांना न बोलता दिशा कळते.

दुसरा मोठा भाग झीज. जून १९४१ मध्ये जर्मनांनी हल्ला केल्यावर हे टँक सोव्हिएत ३४ व्या टँक डिव्हिजनमधून पश्चिम युक्रेनमध्ये ल्विवच्या बाजूने दुबनोकडे निघाले, काही दिवसांत शेकडो किलोमीटर इकडून तिकडे, आणि बहुतेक शत्रूच्या गोळ्याने गेलेच नाहीत, गिअरबॉक्स नाहीतर क्लच गेला आणि रस्त्याकडेला सोडून द्यावे लागले. आमचं कॅम्पेन त्याच रस्त्यावर आहे. दर तासाच्या मार्चला ड्रायव्हर फासा रोल करतो, रस्त्यावर निदान १०, शेतात १३, चिखलात १६ यायला हवेत, फेल झाला की झीज एकने वाढते आणि तीन झाली की काहीतरी मोडतं. दुरुस्तीला तास आणि स्पेअर लागतात, स्पेअर मागे सोडलेल्या दुसऱ्या टी-३५ मधूनच काढावे लागतात, आणि आमचे सगळ्यात चांगले रोलप्लेचे सीन तिथेच झालेत, लढाईत नाही. ओळखीच्या क्रूची गाडी रिकामी उभी असते आणि तुम्ही तिचा क्लच काढताय.

जे खटकतं तेही सांगतो. लढाईचा राउंड लांब चालतो, याला काही इलाज सापडला नाही. मशीनगनचे दोन टरेट एनपीसी (जीएम चालवतो ती पात्रं) ठेवले तर जीएमच्या डोक्यावर फार भार येतो, ते गेस्ट प्लेअरला द्या. आणि मागच्या ४५ वाल्याला काही सेशन अक्षरशः काहीच काम नसतं, म्हणून प्रत्येक मुक्कामाला सीट बदलायच्या हा नियम सक्तीचा करा, ऑप्शनल ठेवलात तर कोणी बदलत नाही. मॉडेलचं म्हणाल तर १:७२ चं किट साधारण साडेतेरा सेंटीमीटर होतं, ते टेबलाच्या मधोमध सीटचा नकाशा म्हणून ठेवा आणि मॅपवर छोटं टोकन वापरा, नाहीतर अर्धा मॅप टँकनेच भरतो.

ग्रुप तीन-चार जणांचाच असेल तर टी-३५ च्या मागे लागू नका, टी-२८ घ्या. तीन टरेट, सहा जणांचा क्रू, बनलेही पाचशेच्या वर, आणि मशीनगनचे दोन्ही टरेट पुढेच असल्यामुळे मागे कोणी रिकामं बसत नाही. चिठ्ठीचा नियम तिथे पाचऐवजी तीन शब्दांचा करा.