अलकापुरीतलं एक व्हिसा ऑफिस: चहा फर्स्ट क्लास, हिशोब मात्र लागत नाही

5 पैकी दीड स्टार. एक चहाचा आणि अर्धा रिसेप्शनवरच्या मुलीचा. ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, उगाच वकिलाची नोटीस यायला नको या वयात, पण बडोद्यात राहणाऱ्याला सांगायला नको की असली ऑफिसं कुठे कुठे आहेत, खाली केक शॉप वरती काचेचं दार आणि दारावर स्टॅच्यू ऑफ लिबर्टी.

तर झालं असं की दादाचा मुलगा म्हणजे माझा भाचा, 24 वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा, मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) 19 हजारावर आहे तीन वर्षं. त्याचा शाळेतला एक मित्र "फिरायला" म्हणून अमेरिकेला गेला तो आलाच नाही परत, आता गाडीला टेकून फोटो टाकतो. गाडी कोणाची ते फोटोत दिसत नाही ना. पण वहिनीला दिसली ती गाडीच. मग घरात रोज तोच विषय, शेवटी भाचा म्हणाला आत्या तू बँकेतली आहेस, तू चल सोबत. बँकेत 31 वर्षं काढली मी, त्यातली शेवटची 12 लोन डिपार्टमेंटला, त्यामुळे कोण फेडणार आणि कोण बुडवणार हे मला खुर्चीत बसायच्या आधी कळतं असा घरच्यांचा समज आहे.

रविवारी सकाळी फ्री सेमिनार होता. चाळीसेक खुर्च्या, सगळ्या भरलेल्या, एसी इतका गार की मी पदर गुंडाळून बसले. चहा मात्र खरंच छान. आलं-फुदिना घातलेला, कागदी कपात नाही तर चिनी मातीच्या कपात, सोबत आपली भाकरवडी. (दोनदा घेतला. तिसऱ्यांदा लाज वाटली.)

मग ते "सर" आले. वय पस्तिशीचं, शर्ट कडक. स्क्रीनवर नकाशा आणि पहिलंच वाक्य, अमेरिकाने माणसो जोईए छे, म्हणजे अमेरिकेला माणसं हवी आहेत. आता हे काही खोटं नाहीये बरं का. तिथे शेतात पीक काढणारे जे मजूर आहेत त्यातल्या साधारण 40 टक्के लोकांकडे कामाचा कागद नाही, हे त्यांच्याच लेबर खात्याच्या सर्व्हेत येतं वर्षानुवर्षं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे आणि टोमॅटो तर रोज बाजारात येतोच आहे.

माझ्या मागच्या रांगेत एक काका होते, त्यांच्या साडूचं तिकडे मोटेल. (तिकडची साधारण 60 टक्के हॉटेलं आपल्या लोकांची आहेत असं तिथल्या भारतीय हॉटेलवाल्यांची संघटना सांगते, तेव्हा साडूचं मोटेल म्हणजे काही नवल नाही.) काका जोरात बोलायला लागले की या इल्लीगलवाल्यांनी सगळी वाट लावली, रेट पाडले, हॉस्पिटलं भरली, सरकारने उचलून परत पाठवलं ते बरंच केलं. मी मागे वळून विचारलं, तुमच्या साडूंकडे रूम साफ करायला कोण आहे? काका हसले. म्हणाले, बे-त्रण छे एवा, म्हणजे दोन-तीन आहेत तसलेच. आणि काका स्वतः तिथे कशाला आले होते तर धाकट्या मुलाची फाइल घेऊन!! आजूबाजूचे पण हसले, कोणाला त्यात वावगं काही वाटलं नाही.

मला मात्र ते डोक्यात राहिलं, कारण आपल्याकडे तरी वेगळं काय आहे. एप्रिल 2025 मध्ये अहमदाबाद-सुरतेत पोलिसांनी बांगलादेशी म्हणून एका रात्रीत हजारावर लोकांना ताब्यात घेतलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय टाळ्या, आणि त्याच ग्रुपवर दोन घरं सोडून एकाचा पोरगा न्यू जर्सीत व्हिसा संपून बसलाय त्याच्या बर्थडेला केकचे इमोजी. आम्ही दांडिया बाजारवाले तरी कुठले इथले, माझे खापरपणजोबा साताऱ्याकडून गायकवाडांच्या दप्तरात कारकून म्हणून आले, त्यांना कोणी कागद विचारला नाही.

असो. सेमिनारनंतर "फाइल ओपनिंग" 5,000 रुपये. पावती मागितली तर आधी कच्ची दिली, मी पक्कीच हवी म्हणून बसून राहिले तेव्हा दिली, त्यावर लिहिलं "मार्गदर्शन". मग सर म्हणाले ईबी-3 अनस्किल्ड मध्ये टाकू (नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची साध्या कामगारांची कॅटेगरी), चिकन फॅक्टरी किंवा बेकरी, दीड-दोन वर्षांत ग्रीन कार्ड, मासी तमे टेन्शन नहीं लेवानुं.

घरी येऊन मी बघितलं. हे फुकट आहे हो, अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, कोणीही बघू शकतं. ईबी-3 खरी कॅटेगरी आहे, खोटी नाही. पण नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, त्यातली या अनस्किल्डला फार तर 10,000, ती पण सगळ्या जगासाठी, आणि एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे आपल्या लोकांची रांग अशी की 2025 च्या बुलेटिनमध्ये भारताच्या ईबी-3 पुढे तारीख होती 2013 ची. म्हणजे ज्यांनी 2013 ला अर्ज टाकला त्यांचा नंबर आत्ता. भाचा तेव्हा सातवीत होता. दीड वर्षं कुठून काढलं या माणसाने?

दुसऱ्या भेटीत मी प्रिंट घेऊन गेले. सरांनी प्रिंटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग मोबाइल टेबलावर उलटा ठेवला आणि आवाज खाली. मासी, बे नंबरनुं काम अमे करता नथी, म्हणजे दोन नंबरचं काम आम्ही करत नाही... पण ओळखीचे आहेत. 75. लाख शब्द उच्चारायचा नाही अशी पद्धत दिसते. थोडे आधी, बाकीचे पोचल्यावर, पैसे मधल्या माणसाकडे राहणार, म्हणजे जणू एस्क्रो. आमच्या बँकेत पण इतकी छान स्कीम नव्हती. आणि पैसे नसतील तर व्याजाने देणारा पण त्यांचाच, महिना दीड टक्का.

मी तिथल्या तिथे त्यांच्याच पेनने हिशोब मांडला. धरा की पोरगा पोचला. कागद नाही म्हणजे रोख पगार, मालक देईल तो, तासाला 10 डॉलर धरू. 12 तास, महिन्याला 26 दिवस, झाले 3,120. पाच जणांत खोली, खाणं, फोन, तिकडे आजारी पडायचंच नाही असं ठरवलं तर 2,000 डॉलर वाचतील. डॉलर 85 धरला तर 1 लाख 70 हजार. आता 75 लाखांवर दीड टक्का व्याज पहिल्या महिन्याला 1 लाख साडेबारा हजार. मुद्दलात गेले साडेसत्तावन्न हजार. रिड्यूसिंगने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरलं तरी, सहा वर्षं लागतात, एकही महिना काम न चुकता, एकदाही न पकडलं जाता, आणि सहा वर्षांनी हातात शून्य. शून्य! 19 हजारवाला इथे झोपून तरी उठतो. अशा लोनवर माझ्या डिपार्टमेंटमध्ये कोणी सही केली असती तर मी त्याला घरी बसायला सांगितलं असतं.

सर म्हणाले, मासी पण पछी तो कमाणी ज कमाणी ने, म्हणजे नंतर मग कमाईच कमाई. त्यावर मी विचारलं की आणि नाही पोचला तर? म्हणाले ए तो नसीब.

जानेवारी 2022 ला कॅनडाच्या मॅनिटोबातून पायी सीमा ओलांडताना गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचं कुटुंब बर्फात गोठून गेलं, नवरा-बायको आणि दोन लहान मुलं. अमेरिकेच्या सीमेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. नंतर ज्या दोघांनी ती ट्रिप चालवली त्यांना तिकडच्या कोर्टाने 2025 मध्ये दहा वर्षं आणि साडेसहा वर्षं दिली, पण त्याने काय परत येतं. डिसेंबर 2023 ला निकाराग्वाला जाणारं विमान (ती पण अमेरिकेचीच चोरवाट) फ्रान्सने अडवलं, 303 जण, बहुतेक भारतीय, त्यात आपले गुजरातचे कितीतरी, त्यातले 276 मुंबईला उतरले. आणि 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला अमेरिकेने परत पाठवलेल्यांचं ते लष्करी विमान आलं, 104 जण हातापायात बेड्या, 33 गुजरातचे. मी हे सगळं सरांसमोर बोलून दाखवलं, त्यांनी मान हलवली, जसं कोणी पावसाबद्दल बोलावं. भाचा मात्र खाली बघत होता. 2022-23 च्या अमेरिकन सरकारी वर्षात 96,917 वेळा भारतीय लोक अमेरिकेच्या सीमेवर पकडले गेलेत, म्हणजे मधल्या माणसांचा धंदा केवढा असेल ते बघा.

आता खरा प्रश्न जो काकांनी काढला होता, की असे लोक तिथल्या इकॉनॉमीला खातात का पोसतात. रिटायर्ड माणसाला वेळ असतो, मी दोन आठवडे हेच वाचत बसले. कर भरत नाहीत हे तर साफ चूक. तिथल्या करांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचा अंदाज आहे की विना कागदवाल्यांनी 2022 ला 96.7 अब्ज डॉलर कर भरला, त्यात 25.7 अब्ज सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे आपल्या पीएफ-पेन्शनसारखं समजा, आणि ते पैसे त्यांना म्हातारपणी मिळणार नाहीत. भाच्याला म्हणलं, पगारातून कर कापला गेला तर तू त्या ओरडणाऱ्या गोऱ्या आजोबांची पेन्शन भरणार आणि ते तुला हाकलायला मत देणार.

पण दुसरी बाजू पण हवेतली नाही. तिथल्या नॅशनल अकॅडमीज या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा 2016 चा मोठा रिपोर्ट आहे, त्यात एकूण पगारावर परिणाम फारसा नाही पण शाळा अर्धवट सोडलेल्यांना आणि आधी आलेल्या परदेशी मजुरांनाच फटका बसतो, आणि मुलांच्या शाळेचा खर्च राज्यांवर पडतो. म्हणजे भाचा तिकडे गेला तर रेट पडणार कोणाचा, पाच वर्षं आधी गेलेल्या नडियादवाल्याचा. प्रोफेसर लोकांचं पण एकमत नाही. 1980 ला क्युबातून सव्वा लाख माणसं एकदम मायामीत उतरली, त्यावर डेव्हिड कार्ड यांनी 1990 ला लिहिलं की पगारांवर खास परिणाम दिसत नाही (त्यांना 2021 ला नोबेल मिळालं), आणि बोर्हास नावाचे हार्वर्डचे प्रोफेसर, जे स्वतः क्युबातून आलेले, त्यांनी तेच मायामी परत तपासून म्हणलं की कमी शिकलेल्यांचे पगार चांगलेच पडले. एकच शहर, एकच साल, दोन ताळेबंद. ऑडिटवाल्यांना हे नवीन नाही.

मला यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते 1986 चं. त्या वर्षीच्या कायद्याने साधारण 27 लाख लोकांना कागद मिळाले आणि विना कागदवाल्याला कामावर ठेवणं बेकायदेशीर झालं. पण शब्द काय घातला, "जाणूनबुजून". मालकाने कागद बघायचा, खरा वाटला की बस, त्याची सुटका. म्हणून साडू मोटेलात मजेत आणि बेड्या पोराच्या पायात. वादाच्या दोन्ही बाजू मजुराबद्दलच बोलतात, मालकाचं आणि या काचेच्या दारामागच्या सरांचं नाव कोणी घेत नाही, आणि नफा तर या दोघांच्याच खात्यात जमा आहे.

परत सर्व्हिसवर येते. रिफंडसाठी तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा सर मीटिंगमध्ये, दुसऱ्यांदा सर दुबईला, तिसऱ्यांदा मी डबा घेऊनच गेले आणि सोफ्यावर बसून थेपले खायला लागले, नवीन लोक येत होते त्यांना विचारत होते की तुम्हाला किती सांगितलं. अर्ध्या तासात 3,500 हातात. 1,500 "प्रोसेसिंग" कापले. प्रोसेस काय केलं, झेरॉक्स. रिसेप्शनची मुलगी पैसे मोजताना हळूच म्हणाली, मासी, जर्मनीचं नर्सिंगचं खरं असतं का हो? तिला म्हणलं खरं आहे पण आधी भाषा शीक, आणि असल्या ठिकाणी पैसे भरू नकोस. अर्धा स्टार तिला त्यासाठीच.

भाचा सध्या वेल्डिंगचा कोर्स करतोय संध्याकाळचा, बाहेर कायद्याने जायचं तर हाताला काहीतरी पाहिजे. वहिनी माझ्याशी नीट बोलत नाहीये. येईल वळणावर. किंवा नाही येणार, तो गाडीवाला फोटो अजून तिच्या फोनमध्ये आहेच.

कोणाला तरीही जायचंच असेल तर एवढं करा. नोकरीसाठी परदेशी पाठवणारा एजंट असेल तर आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं रजिस्ट्रेशन आहे का ते बघा, आणि रजिस्टर्ड एजंटला 30,000 अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायची परवानगीच नाही, हे त्याला तोंडावर सांगा आणि चेहरा बघा. फाइल देताना पासपोर्टची झेरॉक्स द्या, ओरिजिनल मागितला तर उठा. पार्किंग बेसमेंटला आहे पण रविवारी केक शॉपवाल्यांच्या गाड्या असतात, रिक्षाने गेलेलं बरं.