दुबईचा खर्च कागदावर मांडून देणारा एजंट

सोलापुरातून आखातात जाणाऱ्या पोरांच्या घरच्यांनी हे जरूर वाचावं. माझा धाकटा भाऊ आयटीआय झालेला, एसी दुरुस्तीत हात बसलेला. त्याला दुबईला पाठवणाऱ्या एजंटने बंगला-गाडीच्या गप्पा मारल्याच नाहीत. माणूस हिशेबी वाटला, तो त्यामुळेच. रेघा मारलेल्या कागदावर त्याने आमच्यासमोर महिन्याचं बजेट मांडलं: पगार ३,००० दिरहॅम, राहणं ६००, जेवण ४००, मोबाइल ५०, किरकोळ १५०. शिल्लक १,८००. दिरहॅम २३ रुपयांचा धरून ४१,४०० रुपये घरी. वर म्हणतो, "मी कमीच लिवलंय ताई, जास्तच पडतील की."

फी १ लाख ४० हजार. त्यातले ४० हजार ऑनलाइन, बाकी रोख. रोखीची पावती मागितली तर, "विश्वास नाय व्हय आमच्यावर?" आईने पाटल्या गहाण ठेवल्या होत्या.

त्या कागदावरची राहण्याची, जेवणाची रक्कम खोटी नव्हती. ६०० दिरहॅममध्ये पलंग मिळतो, मिळालाही. पण शारजात, एका खोलीत अनेकांबरोबर. काम दुबईत, अल कूझला. शारजा वेगळं अमिरात, म्हणजे तिथलं वेगळं राज्य आहे; तिथून दुबईची बस एका खेपेला १० दिरहॅमच्या वर घेते आणि पुढे मेट्रो किंवा दुसरी बस वेगळी. महिन्याचे ५०० सहज जातात. प्रवासाची ओळच त्या कागदावर नव्हती. दुबई मेट्रोचा सगळ्या झोनचा तीस दिवसांचा पास ३५० दिरहॅमला असतो, म्हणजे दुबईतच मेट्रोजवळ थोडा महाग पलंग घेतला तरी हिशेब तिथेच येतो आणि रोजचे दोन-तीन तास वाचतात. हे आधी कोणी सांगितलं असतं तर! मात्र दुबईत खोलीत प्लायवूडचे आडोसे करून दिलेली जागा स्वस्त दिसली तरी घेऊ नका. २०२५ मध्ये तिथल्या नगरपालिकेने अशा बेकायदा आडोशांवर मोठी कारवाई केली. आगाऊ भाडं भरलेल्याला कोण विचारतो?

पगाराचं तर आणखी पुढचं. करारात मूळ पगार १,२००, भत्ते ६००. उरलेले १,२०० "ओव्हरटाइम धरून". ओव्हरटाइम कंपनीच्या मर्जीवर. मूळ पगार कमी दाखवला की नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटीही कमी होते, कारण पहिली पाच वर्षं ती दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगारावर मोजतात. त्यात व्हिसाचा खर्च म्हणून दरमहा ३०० कापायला लागले. मी सीएच्या ऑफिसात हिशेब लिहिते, म्हणून आकडे मांडले: मूळ पगार आणि भत्ते मिळून पक्के १,८००, त्यातून ३०० गेले, पलंगाचे ६००, प्रवासाचे ५२०, जेवणाचे ४००. वजा २०. मोबाइल अजून धरलेलाच नाही. तिकडून व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नाही हेही आम्हाला माहीत नव्हतं, आई दोन दिवस म्हणत होती, "पोरगं रुसलंय का गं?"

आता नियम ऐका. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो, कामगाराकडून वसूल करता येत नाही. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. नोंदणी आहे की नाही हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. आमच्या एजंटचं नाव तिथे नव्हतंच. भावाला त्याने व्हिजिट व्हिसावर विमानात बसवलं, "तिथं गेल्यावर बदलून देतील" म्हणून. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे, आणि तक्रार करायला गेलं तर आधी आपणच अडकू या भीतीने पोरं गप्प बसतात. एजंटला तेच हवं असतं.

तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर अरबी-इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळू शकतं. ते मागा, इथे घरी बसून वाचा. मूळ पगार किती, राहणं कंपनीचं की आपलं, कामाची जागा कोणती, तिथे जायला गाडी कंपनीची आहे का, एवढं त्यात सापडत नसेल तर पैसे देऊ नका.

भावाचा व्हिसा नंतर बदलला, तेव्हा त्याने दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला ८०० ४६३४२ वर फोन केला. तो टोल-फ्री आहे. त्यांनी रीतसर तक्रार कशी करायची ते सांगितलं, तक्रार झाल्यावर कापणं थांबलं. इथे आम्ही पोलिसांत अर्ज दिला. एजंटने ४० हजार परत केले, कारण बँकेत नोंद होती. रोख एक लाखाचं विचारलं की ऑफिसातला पोरगा म्हणतो, "साहेब मुंबईला गेलेत, पुढच्या आठवड्यात या."