सहा इंची डॉब्सन आणि कोकणातला चंद्र: आठ महिने वापरल्यानंतर

दुर्बीण घेऊन आठ महिने होत आले. कोजागिरीच्या जरा आधी आली आणि आता मृग तोंडावर आलाय म्हणून गुंडाळून ठेवतोय, तर म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकावं, कारण घेताना मी जेवढे अनुभव वाचले ते सगळे कोरड्या हवेतल्या लोकांचे होते आणि आमच्या हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यात हवेत अर्धं पाणीच असतं.

आधी वस्तू काय आहे ते. डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बेसवर ठेवलेली आरशाची दुर्बीण, आरसा १५० मिमी, फोकल लेंग्थ १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), म्हणजे ४८ पट आणि १२० पट. मोटर नाही, हाताने ढकलायची. मोबाइल लावायचा अडॅप्टर वेगळा घेतला. मला मुख्य हौस चंद्राच्या फोटोंची, बाकी गुरू-शनी बघितले पण त्यावर पुन्हा कधीतरी.

पहिली रात्र कोजागिरीचीच. दूध आटवून झालं, घरातले सगळे खळ्यात बसलेले, मी दुर्बीण लावली आणि डोळे दिपले. फोटो काढले शंभरएक, सकाळी बघितले तर एकही ठेवावा असा नाही, सगळे सपाट, नुसती पांढरी भाकरी. खूप वाईट वाटलं. नंतर कळलं की पौर्णिमेला आपल्याला दिसणाऱ्या चंद्रावर ऊन सरळ समोरून पडतं, त्यामुळे सावल्याच नसतात आणि सावल्या नाहीत तर डोंगर-खड्डे उठून दिसणार कुठून. टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे तेवढे त्या रात्री छान दिसतात.

मग खरी गोष्ट सांगितली आमच्या शेजारच्या काकांनी, त्यांची होडी आहे. मी त्यांना सहज म्हटलं की मला अर्धा चंद्र हवा, तर ते म्हणाले, "मग भांगाचे दिवस धर की, त्यात काय." आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग हे समुद्रावरच्या कुणालाही पाठ असतं पण माझ्या डोक्यात हे कधी जुळलंच नव्हतं. अष्टमीला सूर्य आणि चंद्र आपल्याला काटकोनात असतात, म्हणून दोघांची ओढ एका रेषेत येत नाही आणि भरती मंदावते, आणि त्याच काटकोनामुळे चंद्रावर ऊन आपल्याला बाजूने, तिरकं पडलेलं दिसतं आणि विवरांच्या सावल्या लांब होतात. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिथी बघून रात्री ठरवतो, त्यासाठी वेगळं ॲप लागलंच नाही.

तर माझा अनुभव असा की शुद्ध पंचमी-षष्ठीला थिऑफिलस आणि त्याला लागून असलेली दोन विवरं मस्त येतात, अष्टमी-नवमीला सरळ भिंत म्हणतात तो कडा, रूपेस रेक्टा, सुमारे ११० किमी लांब, अगदी पेनाने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते. दक्षिणेला क्लेव्हियस, सुमारे २३० किमी रुंद, अख्खा रत्नागिरी जिल्हा आत ठेवला तरी जागा उरेल. पण माझं सगळ्यात आवडतं नवमी-दशमीचं कोपर्निकस. माघातल्या एका रात्री मी साडेसातला बघितलं तेव्हा विवर पूर्ण काळं होतं, फक्त कड उजळलेली. जेवून परत आलो, १२० पटीवर लावलं तर त्या काळोखाच्या मधोमध उजेडाचे बारीक दोन ठिपके, आतल्या डोंगरांच्या शेंड्यांना ऊन लागलं होतं. तळ अजून अंधारात. मी तिथेच थांबलो, फोटो काढायचं विसरून गेलो आणि तासाभराने ठिपके चांगले मोठे झालेले. ९३ किमीच्या खड्ड्यात सकाळ होताना आपल्या खळ्यातून दिसते, मला तरी अजून खरं वाटत नाही.

आता हवेचं. सुरुवातीला मी स्लॅबवर लावायचो कारण वर माड आडवे येत नाहीत. चूक होती. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा वाजले तरी गरम वाफ सोडत असतो, चंद्राची कड उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखी हलते. खाली सारवलेल्या खळ्यात आणली आणि फरक लगेच दिसला. दुसरं म्हणजे आरसा निवायला वेळ द्या, घरातून बाहेर काढून पाऊण तास तरी नुसती ठेवा, आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असला की नळीतच हवा ढवळत राहते. संध्याकाळचा खारा वारा पडला आणि मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटायची आहे तो मधला वेळ माझ्याकडे सगळ्यात शांत मिळाला. आणि त्याहून चांगली पहाट. कालभैरवाष्टमीच्या पहाटे पाचला स्वेटर-कानटोपी घालून बसलो होतो, वद्य अष्टमीचा चंद्र वर चढलेला, आरसा रात्रभर बाहेर राहून पूर्ण निवलेला, चित्र एकदम स्थिर. माझे पहिले चांगले तीन फोटो त्या पहाटेचे. थंडी पाहिजेच, आंब्याच्या मोहोराला लागते तशी. फाल्गुनात शेतं भाजायची भाजावळ सुरू झाली की धूर पसरतो, चंद्र पिवळट होतो आणि फोटोतला कडकपणा जातो, ते दिवस मी सोडून दिले.

फोटोची पद्धत: एकेक फोटो काढू नका, व्हिडिओ काढा. मोबाइल प्रो मोडमध्ये, आयएसओ १००, फोकस आणि एक्सपोजर लॉक. एक लक्षात ठेवा, अर्ध्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा नसतो, जेमतेम दहावा हिस्सा असतो, त्यामुळे पौर्णिमेचं सेटिंग अष्टमीला चालत नाही. मोटर नसल्यामुळे १० मिमीच्या आयपीसमधून चंद्राचा कुठलाही भाग दीड-पावणेदोन मिनिटांत या कडेपासून त्या कडेला निघून जातो, म्हणून मी नळी थोडी पुढे नेऊन ठेवतो, हात काढतो, हलणं थांबलं की मिनिटभर व्हिडिओ. ३० फ्रेमच्या हिशोबाने १८०० फ्रेम होतात, त्यातल्या चांगल्या दहा टक्के ऑटोस्टॅकर्ट नावाचं सॉफ्टवेअर निवडून एकावर एक ठेवतं, मग रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये धार काढायची. दोन्ही फुकट. धार जास्त काढायचा मोह आवरा, विवरांच्या कडांना पांढरी किनार आली की चित्र खोटं दिसतं.

तक्रारी पण आहेत. बेस पार्टिकल बोर्डचा आहे आणि दुसऱ्याच महिन्यात खालची कड दमटपणाने फुगली, आता मी सगळ्या कडांना वॉर्निश मारलंय, नवीन घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी मारा. स्क्रू गंजले, ते स्टेनलेसचे बदलले. कुरियरमधून आली तेव्हा आरसा सरकलेला होता, कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, स्वतः शिकून केलं, विकणाऱ्याला तीनदा मेल केले आणि उत्तर आलं महिन्याने, मला त्याचा राग अजून आहे. मोबाइल लावला की वजनाने नळीचं तोंड खाली येतं, त्यासाठी मागच्या बाजूला लोहचुंबक लावलंय, ते सरकवून तोल सांभाळतो.

दवाचं मात्र मनापासून सांगतो. खालचा मोठा आरसा नळीत खोल असल्याने वाचतो, पण आयपीस आणि नेम धरायचा फाइंडर अर्ध्या तासात ओले. नळीच्या तोंडाला जुन्या योगा मॅटची गुंडाळी लावली त्याने वरचा छोटा आरसा कोरडा राहिला. आयपीस मी आलटून पालटून खिशात ठेवतो, अंगाच्या उबेने पुरतं. ओल्या आरशाला फडका लावायचा नाही, कितीही हात शिवशिवला तरी. आणि आत आणल्यावर लगेच झाकण लावू नका, आतला ओलावा कोंडून बुरशी धरते, आधी घरात उघडी वाळू द्या आणि मगच झाका.

लोक येतात आणि विचारतात अमेरिकेचा झेंडा दिसतो का. नाही दिसत, हवा एकदम स्थिर असली तरी या आरशातून दीड किलोमीटरच्या खालचं काही वेगळं कळत नाही. पण वाडीतली पोरं विचारतात चंद्रयान कुठे उतरलं, तेव्हा मी दक्षिणेची कड दाखवतो, २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान ३ तिथे ६९ अंश दक्षिणेजवळ उतरलं. जागा कळत नाही पण कडेला दाटीवाटीने बसलेली विवरं बघून पोरं एकदम गप्प होतात.

आणि आजीचं सांगायचं राहिलं. तिची संकष्टी असते, चंद्र दिसल्याशिवाय जेवत नाही. पौषातल्या संकष्टीला चंद्र पोफळींच्या वर आला तसा तिला स्टुलावर बसवून दाखवला. चंद्राच्या कडेला मारे क्रिसियम नावाचा गोल काळा डाग आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ संकटांचा समुद्र. पौर्णिमेला तो ठसठशीत दिसतो आणि वद्य चतुर्थीपर्यंत सावली त्याच्यावरून जाते, म्हणजे संकष्टीच्या रात्री तो जवळजवळ सगळा काळोखात गेलेला असतो. हे मी तिला सांगितलं तर ती बराच वेळ आयपीसला डोळा लावून बसली, मग हात जोडले आणि म्हणाली, "पुढच्या चतुर्थीला पण लाव रे." तेव्हापासून दर संकष्टीला लावतो, मोबाइल न जोडता.

घ्यावी का, तर हो, घ्या, ३० हजारांच्या वर गेली तरी मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. फक्त पावसाळ्याची तयारी धरून घ्या. मी काल आरसा उतरवून हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवला, आयपीस दुसऱ्या डब्यात, नळी माळ्यावर उभी, तोंडाला सुती कापड. सिलिका जेल दर पंधरा दिवसांनी तापवून परत टाकायचं, तारखा कालनिर्णयवर लिहून ठेवल्यात, आजीच्या चतुर्थ्यांच्या शेजारी.