व्हर्लफ्लॉकची गोळी: नऊ महिने, अकरा बॅचेस आणि नागपूरचा उन्हाळा

मी घरी बिअर करतो. ती नितळ व्हावी म्हणून व्हर्लफ्लॉक नावाची निवळवणारी गोळी आणली, तिची ही नोव्हेंबरातली पहिली बॅच. उकळीची शेवटची १५ मिनिटं उरली होती तेव्हा अर्धी गोळी गंजात टाकली. ती विरघळली, फेस जरासा वर आला, बाकी काहीच झालं नाही. आच बंद करून वॉर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड रस, जो आंबला की बिअर होते, तो निववला आणि काचेच्या बरणीत थोडा काढून खिडकीत ठेवला. दहा मिनिटांत बरणीत ढग दिसायला लागले. दूध नासल्यावर दिसतात तशा गुठळ्या, फक्त बदामी रंगाच्या. एकीला दुसरी धरत त्या खाली बसत गेल्या आणि वरचा वॉर्ट कोऱ्या चहासारखा नितळ झाला. मी अर्धा तास त्या बरणीपुढून हललो नाही. त्याआधीची दोन वर्षं माझी बिअर चवीला चांगली असायची, पण ग्लासात ओतली की उसाच्या रसासारखी दिसायची.

गोळीत आहे काय, तर समुद्री शेवाळ. आयरिश मॉस नावाचं लाल शेवाळ अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर उगवतं, त्यातला कॅराजीनन हा पदार्थ हे काम करतो. आइस्क्रीमच्या पाकिटावर ४०७ आकडा दिसतो, तो हाच. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर माती खाली बसते, ते तत्त्व इथेही आहे, फक्त उलट्या बाजूने. तुरटीतला अॅल्युमिनियम धनभारित असतो आणि मातीचे कण ऋणभारित. वॉर्टमध्ये कॅराजीनन ऋणभारित असतं आणि गढूळपणा आणणारी प्रथिनं धनभारित. दोघं एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाला जातात. (म्हणून कोणी वॉर्टमध्ये तुरटी टाकू नका. मला हा प्रश्न दोघांनी खरोखर विचारला आहे.) गुऱ्हाळावर उकळत्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात आणि वर आलेली मळी काढून टाकतात, ते लहानपणी पाहिलेलं होतं. त्यामुळे उकळीत काहीतरी घालून मळ वेगळा करायचा, ही गोष्ट मला परकी वाटली नाही.

आपल्याकडे याची गरज जास्त आहे असं माझं मत झालंय. भारतातला जव बहुतांश सहा-ओळींचा (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेला) असतो आणि त्यात दोन-ओळींच्या जवापेक्षा प्रथिनं जास्त असतात. देशी माल्टवर बिअर करणाऱ्याला गढूळपणा वारशातच मिळतो. मी आयात केलेल्या माल्टवर दोन बॅचेस केल्या, तिथे गोळीचा फरक दिसला, पण एवढा ठळक नाही.

प्रमाणाबद्दल नीट वाचा, कारण इथेच मी हात पोळून घेतला. २० लिटरला अर्धी गोळी पुरते. तिसऱ्या बॅचला मला वाटलं, अर्धीने एवढं होतं तर पूर्ण टाकून बघू. बॅच होती १० लिटरची. तळाशी गाळ बसला खरा, पण कापसासारखा फुगलेला, हलका, जरा धक्का लागला की वर येणारा. वरचा नितळ वॉर्ट काढता काढता जवळजवळ तीन लिटर गाळातच राहिला. दिवसभराची मेहनत मोरीत ओतताना जीव तुटला. आता १० लिटरला चतकोर गोळी, सुरीने कापून. शेवाळ सुट्या पापुद्र्यांच्या रूपातही मिळतं. ते घेतलंत तर २० लिटरला एक छोटा चमचा, आणि टाकण्याआधी वीसेक मिनिटं पाण्यात भिजवून.

वेळही तितकीच महत्त्वाची. एकदा घाईत गोळी हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) पहिल्या हप्त्याबरोबरच टाकली आणि पूर्ण तासभर उकळली. काहीही फायदा झाला नाही, कारण इतका वेळ उकळल्यावर कॅराजीननच तुटून जातं. शेवटची १० ते १५ मिनिटं, बस. मी मोबाइलला गजर लावतो.

आता उन्हाळा. मार्चपर्यंत मी या गोळीचा भक्त होतो, एप्रिलमध्ये श्रद्धा डळमळली. तीच गोळी, तेच प्रमाण, तेच माल्ट, आणि बिअर पुन्हा धुरकट. पाकीट जुनं झालं असेल म्हणून नवं मागवलं, तेच. मग लक्षात आलं की बदललंय ते पाणी. डिसेंबरात नळाचं पाणी वॉर्टमध्ये बुडवलेल्या कॉइलमधून सोडलं की २५ मिनिटांत वॉर्ट निवायचा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच इतकं तापलेलं की हात धरवत नाही, त्याने वॉर्ट काय निवणार! दीड तास लागायचा. शेवाळ उकळीत विरघळतं, पण प्रथिनांना धरून गुठळ्या व्हायचं काम वॉर्ट थंड होताना होतं. जितकं झटपट थंड कराल तितकी गुठळी जाड आणि गाळ घट्ट.

उपाय घरातच होता. कूलरचा जुना पंप काढला, प्लास्टिकच्या टबात बर्फाची लादी फोडून टाकली आणि पंपाने ते गार पाणी तांब्याच्या कॉइलमधून फिरवत ठेवलं. कॉइल एसी दुरुस्त करणाऱ्याकडून वाकवून घेतलेली आहे. आधी नळाच्या पाण्याने निम्मी उष्णता काढायची आणि मग बर्फ, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत सगळी लादी वितळते. मेमध्ये, बाहेर ४५ अंश असताना, अर्ध्या तासात वॉर्ट यीस्ट घालण्याजोगा झाला आणि बरणीत पुन्हा ते बदामी ढग दिसले. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पहिल्या बॅचलाही झाला नव्हता.

जूनमध्ये एकदा मुद्दाम एकाच वॉर्टचे दोन भाग केले. दोन गंज, १० लिटर प्रत्येकी, एकात चतकोर गोळी, दुसरा कोरा. यीस्ट एकच, फ्रीजही एकच. तीन आठवड्यांनी गोळीच्या बिअरच्या ग्लासामागे वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता येत होती, दुसऱ्यातून मथळासुद्धा धड दिसेना. चव मात्र सारखीच. बायको आणि मेहुणा दोघांना न सांगता दोन्ही दिल्या, कोणालाच फरक सांगता आला नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कोऱ्या बॅचच्या दोन बाटल्या फ्रीजमध्ये पाच-सहा आठवडे तशाच ठेवल्या, त्याही बऱ्यापैकी निवळल्या. ज्यांच्याकडे जागा आणि धीर दोन्ही आहे त्यांचं गोळीवाचून अडणार नाही. माझ्याकडे फ्रीज एकच आहे आणि त्यात दहीही ठेवावं लागतं.

फ्रीजमध्ये गढूळ आणि बाहेर अर्धा तास ठेवली की नितळ, असा जो लपंडाव चालतो, त्यावर गोळीचा उपयोग सगळ्यात चांगला. प्रथिनं आणि टॅनिन (जव-हॉप्समधला तुरट अंश) थंडीत जोडी जमवतात, उबेत सुटतात. कोरा चहा फ्रीजमध्ये गढुळतो तसंच. गोळी त्यातली प्रथिनं आधीच कमी करते. पण यीस्टच तरंगत असेल तर ही गोळी काही करणार नाही, त्याला थंडी आणि वेळ, किंवा खाली बसणारं यीस्टच हवं. पिठूळपणा (स्टार्च) राहिला असेल तर चूक माल्ट भिजवतानाची आहे, आयोडिनचा थेंब टाकून तपासा. आणि गव्हाच्या बिअरला गोळी घालू नका, तिचं रूपच धुरकट असतं.

आमच्या घरी आणखी एक गोष्ट मोलाची ठरली. बिअर निवळायला जिलेटिन किंवा माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेलं आयसिंग्लासही वापरतात. आई शाकाहारी आहे. तिच्या स्वयंपाकघरातल्या गंजात तसलं काही नको, हे तिने स्पष्ट सांगितलं होतं. शेवाळ आहे म्हटल्यावर तिने चायना ग्रासचं पाकीट पुढे केलं, हेही शेवाळच ना म्हणून. आहे खरं, पण त्यात कॅराजीननइतका विद्युतभार नसतो, त्यामुळे इथे ते कामाचं नाही.

तक्रार एकच. पहिल्या विक्रेत्याने गोळ्या साध्या पिशवीत सुट्या पाठवल्या, तारीख नाही, काही नाही. जुलैच्या दमट हवेत त्यांचा चुरा झाला. दुसऱ्यांदा सीलबंद घेतल्या. आता त्या बडीशेपेच्या रिकाम्या बरणीत, वरणाच्या डाळीशेजारी, घट्ट झाकण लावून ठेवल्या आहेत. सात उरल्यात. दिवाळीनंतर रात्री गार झाल्या की पहिली बॅच देशी माल्टवर, अर्ध्या गोळीची आणि बिनबर्फाची.