साठेखत झालं, खरेदीखत होईना: सोलापुरात दिवाणी कोर्टाची वाट किती कामाची?

विसार घेतला, साठेखत (जागा पुढे विकण्याचा लेखी करार) झालं, आणि जागेचा भाव चढताच मालक खरेदीखताला येईना. जुळे सोलापूरचा प्लॉट असो वा भवानी पेठेतलं जुनं घर, तक्रार हीच असते. अशा वेळी कोर्टाच्या हुकमाने करार पाळायला लावणारा करारपूर्तीचा दावा, म्हणजे वकिलांच्या भाषेत स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा, ही सोय प्रत्यक्षात कशी आहे याचा हा आढावा. आमचं मत आधीच सांगतो. दाव्याचा शेवट भक्कम आहे, मधला रस्ता लांब आहे, आणि घेणाऱ्याचे स्वतःचे कागद कच्चे असतील तर या वाटेला न गेलेलं बरं.

कायदा घेणाऱ्याच्या बाजूने बराच झुकला आहे. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मधला कोर्टाचा जुना विवेकाधिकार काढून टाकला. अटी पूर्ण झाल्या तर पूर्ततेचा हुकूम द्यायचा, असं आता कलम १० सांगतं (पुढे कायद्याचं नाव न देता आलेली कलमं याच अधिनियमाची). तरीही दावे पडतात, आणि बहुतेक वेळा ते कलम १६(क) वर पडतात. पैसे द्यायला आपण तयार होतो आणि तशी ऐपतही होती, हे वादीने शाबीत करायचं असतं. मालक किती खोटारडा आहे यावर दहा पानं लिहून ही उणीव भरत नाही.

तयारी शाबीत करायची म्हणजे नोटांची बॅग घेऊन हिंडायचं नसतं. ठरलेल्या तारखेच्या आसपास खात्यावरची शिल्लक, मुदत ठेव किंवा बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र पुरतं. मात्र ते त्या काळातलं हवं. दावा लावल्यावर नातेवाइकांकडून रक्कम खात्यात फिरवून घेतली तर उलटतपासात पहिला प्रश्न त्याच नोंदीवर येतो. खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर त्या आधी पब्लिक डेटा एन्ट्री (नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरणं) करून प्रिंट काढा, ई-स्टेप-इन या ऑनलाइन सोयीवर दुय्यम निबंधक कार्यालयाची वेळ घ्या, उरलेल्या रकमेचा डीडी काढा आणि समोरच्याला लेखी कळवा. या चारही कागदांवर तारीख येते. मालक आला नाही तरी, तुम्ही हजर राहण्याच्या तयारीत होता हे ते कागदच बोलतात. तोंडी निरोप आणि मिस्ड कॉल कोर्टात काही कामाचे नाहीत.

नोटीस वकिलामार्फत द्या, पोचपावतीसह पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात सामावलं आहे, तेव्हा पाठवताना पोचीचा पुरावा मागून घ्या. नोटिशीत ठरलेली किंमत, दिलेली रक्कम, उरलेली रक्कम आणि दुय्यम निबंधकाकडे हजर राहायचा दिवस, चारही गोष्टी स्पष्ट हव्यात.

मुदतीच्या बाबतीत कोर्ट दयामाया दाखवत नाही. मुदतीच्या कायद्याच्या (लिमिटेशन ॲक्ट) अनुच्छेद ५४ प्रमाणे करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं, तारीख नसेल तर मालकाने नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षं. ‘दिवाळीनंतर बघू, अधिक महिना जाऊ दे’ म्हणत मालक दोन वर्षं सहज काढतो. मुदतवाढ दिलीच तर दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या.

आता दाव्याच्या मागण्या. वकील निवडताना त्यांचं ऑफिस केवढं आहे ते पाहू नका, मागणीचा परिच्छेद आधी वाचायला मागा. त्यात फक्त ‘खरेदीखत करून मिळावे’ एवढंच असेल तर काम अर्धवट आहे. कलम २२ प्रमाणे ताबा आणि पर्यायी विसाराचा परतावा वेगळा मागावा लागतो. मागितला नाही तर मिळत नाही, आणि नंतर दुरुस्तीचा अर्ज म्हणजे आणखी तारखा. मालकाने नोटीस देऊन करार रद्द केला असेल तर ते रद्द करणं बेकायदा ठरवण्याचीही मागणी हवी. २०१३ च्या आय. एस. सिकंदर प्रकरणात ही मागणी नसल्याचं सर्वोच्च न्यायालयाने वादीविरुद्ध धरलं आहे. आणखी एक चूक महागात पडते: घाईत आधी नुसता मनाई हुकमाचा दावा लावणं. पूर्ततेची मागणी तेव्हा करता येत असून राखून ठेवली आणि कोर्टाची परवानगीही घेतली नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २ नियम २ ने पुढचा दावा अडतो.

दावा मिळकत जिथे आहे तिथल्या कोर्टात. होटगी रोडच्या प्लॉटचा सोलापुरात, पंढरपूरच्या जागेचा पंढरपुरात. कोर्ट फी साठेखतातल्या पूर्ण किमतीवर लागते, उरलेल्या रकमेवर नाही. हा खर्च ऐकून बरेच जण दचकतात. राज्यात तिची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे पक्षकार आणि ठरलेल्या उत्पन्नमर्यादेतले लोक यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज जरूर करावा.

दाव्यासोबत निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे निकालापर्यंत मिळकत कुणाला विकू नये असा मनाई हुकूम मागणारा. तो मिळेल तेव्हा मिळेल, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. दावा नोंदला गेला की दुय्यम निबंधकाकडे लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवून टाका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ ला आपल्याकडे १९३९ ची मुंबई दुरुस्ती आहे, म्हणून नोंदलेल्या नोटिशीला वेगळं वजन आहे. शिवाय नोंद इंडेक्स टूमध्ये (नोंदलेल्या दस्तांच्या सूचीत) दिसते. मग तिसरा माणूस ‘मला माहीत नव्हतं, मी प्रामाणिकपणे घेतलं’ असं कलम १९(ब) चं कवच सहजी पांघरू शकत नाही. एवढं स्वस्त आणि इतकं उपयोगी पाऊल या साऱ्या प्रक्रियेत दुसरं नाही, आणि तेच सर्रास राहून जातं.

साठेखत नोंदलेलं नसेल म्हणून हाय खाऊ नका. नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ च्या परंतुकाप्रमाणे असा दस्त पूर्ततेच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतो. मुद्रांकाचं मात्र तसं नाही. साठेखतात ताबा दिल्याचं लिहिलं असेल तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताइतकंच शुल्क लागतं. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवरचा असा दस्त कोर्ट पुराव्यात घेत नाही, जप्त करून शुल्कवसुलीला पाठवतं. फरकावर दरमहा २ टक्के दंड, कमाल चौपट. दावा लावण्याआधीच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून ते निस्तरून घेतलं तर ऐन साक्षीत खोळंबा होत नाही.

रोख विसाराबद्दलही सावध राहा. स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणं आयकर कायद्याने २०१५ पासून मना आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की दाव्यात २ लाख किंवा जास्त रोख दिल्याचं म्हटलं असेल तर कोर्टाने आयकर खात्याला कळवावं.

सोलापुरात ज्या मिळकतींवर गाडी हमखास अडते त्या दोन. एक, पेठांमधली वारसांची घरं: मालमत्ता पत्रकावर पाच नावं आणि साठेखतावर सही एका भावाची. सही न केलेल्यांवर तो करार बंधनकारक नाही, कलम १२ खाली सही करणाऱ्याच्या हिश्शापुरतं काय मिळतं तेवढंच पाहावं लागतं. दोन, शहराभोवतीचे गुंठेवारीचे तुकडे आणि भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणाऱ्या, जमिनी. इथे तुकडेबंदी कायदा किंवा सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आडवी येऊ शकते. परवानगी मिळवण्यासारखी असेल तर मालकाने ती मागावी असा सशर्त हुकूम मिळू शकतो. जो व्यवहार कायद्याने होऊच शकत नाही, त्याचा हुकूम मिळत नाही. म्हणून सातबारावरचे ‘इतर हक्क’ विसार देण्याआधी वाचा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो.

बिल्डरकडचा नवा फ्लॅट असेल तर आधी महारेरा, म्हणजे बिल्डरांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण, बघा. नोंदलेला करार न करता १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेणं हा तिथे रेरा कायद्याच्या कलम १३ चा भंग आहे, आणि तक्रारीची फी ५ हजार रुपये आहे.

वेळ ही या सेवेची सर्वांत दुबळी बाजू. कलम २०सी समन्स बजावल्यापासून १२ महिन्यांत निकाल सांगतं, कारण नोंदवून आणखी ६ महिने. प्रत्यक्षात बोर्डावरची गर्दी, न बजावलेली समन्स आणि मालकाची लांबलेली कैफियत (लेखी उत्तर) यांपुढे ही मुदत टिकत नाही. ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (दाव्याचा ओळख क्रमांक) टाकून पुढची तारीख आणि रोजचे आदेश स्वतः बघत जा, ते फुकट आहे आणि चांगलं चालतं. अपिलात एक दिलासा आहे: १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सोलापूर त्यात आहे, मुंबईच्या खेपा वाचल्या.

हुकूमनामा झाल्यावर ढिलाई करू नका. उरलेली रक्कम भरायची मुदत त्यात लिहिलेली असते. त्या तारखेच्या आत कोर्टात भरा. चुकलात तर मालक कलम २८ खाली करारच रद्द करून मागतो. मुदतवाढ हवी असेल तर अर्ज मुदत संपण्याआधी.

मग दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज. आदेश २१ नियम ३४ प्रमाणे खरेदीखताचा मसुदा आपण द्यायचा, प्रत मालकाला जाते, हरकती ऐकल्या जातात. तरीही त्याने सही केली नाही तर कोर्टाने नेमलेला अधिकारी त्याच्या वतीने सही करतो आणि दस्त नोंदला जातो. मसुद्यात चतुःसीमा, सिटी सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ हुकूमनाम्याशी अक्षरशः जुळवा, आणि मुद्रांक व नोंदणी शुल्काचे पैसे वेगळे ठेवा. दरखास्तीला १२ वर्षांची मुदत असली तरी ती निकालाची नक्कल हातात येताच लावावी.