चेंजओव्हर म्हणून बसवून दिलेले दोन एमसीबी

वादळात खांबापाशी आमच्या घराची सर्व्हिस वायर तुटली आणि आम्ही जनरेटर सुरू केला. काही वेळाने वायरमन आला. शिडीवर चढून लोंबणाऱ्या वायरीला हात घालण्याआधी त्याने तिला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला. तो तसाच खाली उतरून दाराशी आला. "जनरेटर चालू आहे ना? तुमचा करंट या वायरीत येतोय."

मी म्हणालो, शक्यच नाही, आमच्याकडे चेंजओव्हर आहे, म्हणजे घर एका वेळी मेनवर (खांबावरून येणाऱ्या विजेवर) किंवा जनरेटरवर, एकावरच ठेवणारा स्विच. तो म्हणाला, "आधी जनरेटर बंद करा, मग ते खोकं उघडा."

खोक्यात चेंजओव्हर नव्हताच. दोन साधे सिंगल पोल एमसीबी, म्हणजे फक्त एकच वायर तोडणारे आणि जास्त करंट आला की आपोआप पडणारे खटके, शेजारी शेजारी बसवलेले, एक मेनचा, एक जनरेटरचा. दोन्ही वर, म्हणजे चालू होते. घाईत मेनचा खाली करायचा राहिला होता आणि जनरेटरची वीज घरातून उलटी फिरून खांबाकडे निघाली होती. वायर तुटलेली होती म्हणून गल्लीचा लोड जनरेटरवर आला नाही, नाहीतर तो ट्रिप होऊन निदान आम्हाला कळलं असतं. त्या वायरमनने सवयीने टेस्टर लावला नसता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

बिलावर मात्र स्वच्छ लिहिलं होतं: चेंजओव्हर स्विच, डबल पोल, 63 अँपिअर. पैसे त्याचेच घेतले होते.

हे काम करणारा माणूस आम्हाला भरवशाचा का वाटला, तेही सांगतो, कारण फसलो ते तिथेच. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घरात जनरेटरची वीज घेतात, हे त्याने स्वतःच आम्हाला सांगितलं. एक टोक निघालं की उघड्या पिनांवर जिवंत करंट असतो, असली कामं मी करत नाही, असं म्हणाला. अक्षर न् अक्षर खरं होतं. धोका इतका नेमका सांगणारा माणूस तोच धोका खोक्यात बंद करून देईल, असं मनात आलं नाही. काम झाल्यावर त्याने आधी मेनचा खटका खाली केला, मग जनरेटरचा वर केला. दिवे लागले, आम्ही पैसे दिले. दोन्ही खटके एकदम वर करून बघायचं कोणालाच सुचलं नाही.

खऱ्या चेंजओव्हरला दांडी एकच असते. एका बाजूला मेन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम चालू करता येतच नाहीत, विसरलात तरी नाही. दोन एमसीबी वापरायचेच असतील तर त्यांच्यामध्ये मेकॅनिकल इंटरलॉक हवा, म्हणजे एक वर असताना दुसरा वर जाणार नाही. तो नसेल तर ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचलेली उलटी वीज तिथे हजारो व्होल्टची होऊन पुढच्या लाइनवर जाऊ शकते. आणि जनरेटर चालू असताना मेनची वीज परत आली, तर दोन्ही पुरवठे भिडून जनरेटर जळतो, आग लागू शकते.

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावल्यावर आणखी निघालं. सिंगल फेजच्या चेंजओव्हरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलायला हवेत, बिलावरच्या 'डबल पोल'चा अर्थ तोच. आमच्याकडे दोन्हीकडचे न्यूट्रल सरळ एकत्र पिळून टेप गुंडाळलेली होती. अर्थिंगची हिरवी वायर जनरेटरच्या सांगाड्यापासून जमिनीत गेलेली दिसत होती, त्याने ती ओढली तर हातात आली. खाली रॉडच नव्हता. 5 केव्हीएचा म्हणून दिलेला जनरेटरही थोडा वेळच तेवढा भार घेणारा होता, सलग चालवायचा आकडा प्लेटवर बारीक अक्षरात होता आणि तो त्याहून कमी होता. आणि खरे 5 केव्हीए असले तरी 0.8 पॉवर फॅक्टरला (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) ते 4 किलोवॉटच होतात.

पहिल्या माणसाने बरेच दिवस फोन उचलला नाही. उचलला तेव्हा म्हणाला, "तुमची वापरायची पद्धत चुकली." पैसे परत मिळाले नाहीत.

तुम्ही हे काम करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी मेन आणि जनरेटर दोन्ही बंद करायला लावा आणि झाकण त्याच्याच हाताने उघडून घ्या. दोन्ही बाजू एकदम चालू होतात का, ते तुमच्यासमोर करून बघायला सांगा. आतला फोटो काढा, स्विचवरचं नाव आणि अँपिअर बिलाशी जुळवा. अर्थिंग मीटरने मोजून आकडा बिलावर लिहून घ्या. वीज कंपनीला कळवायला लागतं का, तेही आधीच विचारा. "त्याची काही गरज नाही" असं जो म्हणेल, त्याला तिथूनच परत पाठवा.

ते जुनं खोकं मी फेकलेलं नाही. ओळखीत कोणी जनरेटर जोडून घेतोय असं कळलं की घेऊन जातो आणि दोन्ही खटके एकदम वर करून दाखवतो.